घटस्फोटानंतर टॅक्समध्ये मुलगी कोणाची? सही एका वर्षाची करा, हेड ऑफ हाऊसहोल्ड सोडू नका

ताई, अमेरिकेतल्या टॅक्सबद्दलच्या तुमच्या प्रश्नातून मला समजलं ते असं. घटस्फोट २०२३ मध्ये झाला. आठ वर्षांची मुलगी तुमच्याकडे राहते, एक आड एक शनिवार-रविवार वडिलांकडे जाते. डिक्रीप्रमाणे, म्हणजे कोर्टाच्या हुकुमाप्रमाणे, टॅक्ससाठी मुलगी सम वर्षी तुमची, विषम वर्षी त्यांची. २०२५ चं रिटर्न त्यांनी आधीच भरलं, मुलगी डिपेंडंट (आपल्यावर अवलंबून) दाखवली. तुम्हीही दाखवली, म्हणून तुमचं ई-फाईल परत आलं. आणि आता ते म्हणतात, या वर्षी मुलीच्या नावावरचं सगळं माझं.

सगळं त्यांचं नाही. मी टॅक्सच्या हंगामात व्हिटा या स्वयंसेवी केंद्रावर मोफत रिटर्नं भरून देते, तिथे हेच पुन्हा पुन्हा दिसतं: मुलं जिच्याकडे राहतात ती आई मूल दाखवायचा हक्क एका वर्षापुरता देते आणि घाबरून स्वतःचं रिटर्नही 'हेड ऑफ हाऊसहोल्ड' (एकट्याने घर चालवणाऱ्यासाठीचा कमी टॅक्सचा प्रकार) ऐवजी 'सिंगल' म्हणून भरते. त्यात तिचे हक्काचे पैसे जातात, आणि नेमके तिलाच त्यांची जास्त गरज असते.

आयआरएस, म्हणजे अमेरिकेचं टॅक्स खातं, डिक्रीवर चालत नाही, रात्री मोजते. वर्षभरात मूल ज्याच्याकडे जास्त रात्री राहिलं तो कस्टोडियल पालक. रात्री अगदी समसमान भरल्या तर ज्याचं एजीआय (ठराविक वजावटींनंतरचं उत्पन्न) जास्त तो. चाइल्ड सपोर्ट (मुलाचा पोषणखर्च) कोण देतं याचा इथे संबंध नाही. उन्हाळ्यात मुलगी पुण्याला आजीकडे राहिली तर त्या रात्री कोणाच्या, हे आपल्या लोकांत हमखास विचारलं जातं. एरवी त्या रात्री ती ज्याच्याकडे असती, त्याच्या खात्यात त्या जातात. मैत्रिणीकडे किंवा कॅम्पला राहिलेल्या रात्रींचंही तसंच. तुमच्या वेळापत्रकावरून तुम्हीच कस्टोडियल आहात, यात शंका नाही.

आता वडिलांचा हक्क. कस्टोडियल नसलेल्या पालकाला मूल दाखवायचं असेल तर तुम्ही सही केलेला फॉर्म ८३३२ त्यांच्या रिटर्नला जोडावा लागतो. २००८ नंतरच्या डिक्रीची पानं त्याऐवजी चालत नाहीत. म्हणजे आज तुमच्या सहीशिवाय त्यांनी केलेला दावा आयआरएसच्या नियमात बसत नाही. पण म्हणून सही नाकारा असं मी सांगणार नाही. डिक्री तुमच्यावर बंधनकारक आहे, आणि ती मोडली तर फॅमिली कोर्टात उत्तर तुम्हाला द्यावं लागेल. फक्त एक बघा: 'चाइल्ड सपोर्ट थकलेला नसेल तरच' अशी अट डिक्रीत आहे का? पुष्कळदा असते. असेल आणि सपोर्ट थकला असेल, तर सहीआधी वकिलाला विचारा.

सही कराल ती फॉर्मच्या पहिल्या भागात, फक्त २०२५ साठी. दुसरा भाग पुढच्या वर्षांसाठी असतो, तो कोरा ठेवा. तिथे एकदा सही झाली की ती मागे घेता येते, पण तुम्ही त्यांना कळवाल त्याच्या पुढच्या वर्षापासूनच.

या सहीने तुमच्या हातून जातो तो चाइल्ड टॅक्स क्रेडिट, म्हणजे मुलामागे टॅक्समध्ये मिळणारी थेट सूट, २०२५ साठी जास्तीत जास्त २,२०० डॉलर. हेड ऑफ हाऊसहोल्ड तुमचंच राहतं, अर्थात घरखर्चाचा निम्म्याहून जास्त भाग तुम्ही उचलत असाल तर. २०२५ मध्ये त्याचं स्टँडर्ड डिडक्शन (उत्पन्नातून सरसकट वजावट) २३,६२५ डॉलर आहे, सिंगलचं १५,७५०. शिवाय टॅक्सचे टप्पेही सैल. डेकेअरच्या खर्चावरचं क्रेडिट आणि पात्र असाल तर अर्न्ड इन्कम क्रेडिटही (कमी कमाईच्या नोकरदारांसाठीचं) तुमचंच. यातलं काहीच फॉर्म ८३३२ ने त्यांच्याकडे जात नाही. त्यांनी मुलीच्या नावावर हेड ऑफ हाऊसहोल्ड लावलं असेल तर ते चूक आहे. दुरुस्त रिटर्न, म्हणजे १०४०-एक्स भरायला त्यांना ईमेलवर सांगा, फोनवर नको.

तुमच्या रिटर्नमध्ये आता मुलीला डिपेंडंटमधून काढा, पण हेड ऑफ हाऊसहोल्डसाठी तिचं नाव द्या. सॉफ्टवेअर 'या वर्षीचा हक्क दुसऱ्या पालकाला दिला का' असं विचारतं, तिथे हो म्हणा. तरीही ई-फाईल परत आलं तर आयआरएसच्या वेबसाइटवरून सहा आकडी आयपी पिन (तुमची ओळख पटवणारा क्रमांक) काढा. दुसऱ्याने आधी दाखवलेलं मूल असलं तरी २०२५ च्या हंगामापासून या पिनसह रिटर्न स्वीकारलं जातं. नाहीतर कागदावर पाठवा. नंतर दोघांनाही, तेच मूल दुसऱ्या रिटर्नमध्येही दाखवलं आहे असं कळवणारं सीपी८७ए नावाचं पत्र येऊ शकतं. तुमचं रिटर्न बरोबर असेल तर त्यावर काही करावं लागत नाही. पुढे पुरावा मागितलाच, तर मुलीचा तुमच्याकडचा पत्ता असलेलं शाळेचं आणि डॉक्टरांचं पत्र कामी येतं. रात्रींची नोंद आजपासून कॅलेंडरमध्ये ठेवा.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. वडिलांचं उत्पन्न किती? अविवाहितासाठी दोन लाख डॉलरच्या वर चाइल्ड टॅक्स क्रेडिट दर हजारामागे ५० डॉलरने घटतं आणि एकच मूल असेल तर २,४४,००० ला शून्य होतं. आयटीतल्या बऱ्याच पगारांत ही रेषा ओलांडली जाते. त्यांचं उत्पन्न २,४४,००० च्या वर असेल तर तुमची सही त्यांना काहीच मिळवून देत नाही, तुमचे मात्र २,२०० जातात. त्यांना शांतपणे आकडे दाखवा आणि विषम वर्षंही तुमच्याकडे राहतील असा लेखी बदल वकिलाकरवी डिक्रीत करून घ्या. ज्यांची डिक्री अजून व्हायची आहे त्यांनी तर हे कलम घालण्याआधीच दोघांचे पगार समोर मांडावेत.

१५ एप्रिलपर्यंत हे जमत नसेल तर फॉर्म ४८६८ भरून १५ ऑक्टोबरपर्यंत मुदत घ्या. टॅक्स देणं निघत असेल तर ते मात्र एप्रिलमध्येच भरावं लागतं.