सामन्याआधी खेळाडूला चेतवावे की शांत करावे?

आपला मुलगा कबड्डी खेळतो आणि मुलगी १० मीटर एअर पिस्तूल नेमबाजी करते. स्पर्धेच्या सकाळी दोघांचीही छाती धडधडते, हात कापतात. अशा वेळी दोघांना एकाच पद्धतीने शांत करावे का, असे आपण विचारले आहे. मी नाशिकमध्ये शाळकरी मुलांना कबड्डी शिकवतो आणि क्रीडा मानसशास्त्राचा अभ्यास करतो. माझ्या मते दोघांना एकच उपाय लागू पडणार नाही, आणि मुलाला तर पूर्ण शांत करण्याची गरजही नाही.

आव्हानाची चाहूल लागली की शरीराला आपोआप सज्ज करणारी अनुकंपी चेतासंस्था जागी होते, रक्तात अ‍ॅड्रेनलिन उतरते, हृदयाचे ठोके वाढतात, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळते आणि बोटांत बारीक कंप येतो. शरीराच्या या सज्जतेला आपण उत्तेजना म्हणू. चढाईला निघालेल्या मुलाला मांड्यांत आणि पोटऱ्यांत ताकद हवी असते, त्यामुळे तिचा बराचसा भाग त्याच्या कामी येतो. आपल्या मुलीला मात्र दीड किलोपर्यंत वजनाचे पिस्तूल एका हाताने पेलून, १० मीटर अंतरावरील केवळ ११.५ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळाचा वेध घ्यायचा असतो. तिथे तोच कंप थेट गुणफलकावर उमटतो. हृदयाची गती आणि हातांचा कंप कमी करणारी बीटा ब्लॉकर औषधे नेमबाजीत स्पर्धेच्या दिवशीच नव्हे, तर एरवीही निषिद्ध आहेत. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये अशाच औषधामुळे उत्तर कोरियाच्या किम जोंग-सू या नेमबाजाची दोन पदके काढून घेण्यात आली. भारोत्तोलकाला अशा औषधाचा मोह पडण्याचे काही कारणच नाही.

पाठ्यपुस्तकांत या विषयावर एक आलेख हमखास आढळतो. उत्तेजना वाढते तशी कामगिरी एका टप्प्यापर्यंत सुधारते आणि त्यानंतर घसरते, असे तो सांगतो. त्याचे मूळ यर्क्स आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांच्या १९०८ मधील प्रयोगात आहे. तो प्रयोग उंदरांवरचा होता: काळा आणि पांढरा मार्ग ओळखायला उंदीर किती लवकर शिकतात, हे विजेच्या कमी-अधिक धक्क्यांच्या साहाय्याने पाहिले गेले. खेळाडूंना तो आलेख नंतर लावण्यात आला, त्यामुळे त्याला काटेकोर नियम मानणे मला पटत नाही. तरीही त्यातला एक निष्कर्ष मैदानावर वारंवार प्रत्ययाला येतो, तो असा की काम जितके अवघड आणि नाजूक, तितकी त्याला मानवणारी उत्तेजना कमी.

मुलाच्या बाबतीत धोका हातांच्या कंपापेक्षा नजरेचा असतो. मानसशास्त्रज्ञ ईस्टरब्रुक यांनी १९५९ मध्ये मांडले की उत्तेजना वाढत जाते तसा लक्षाचा आवाका आक्रसतो. आधी निरुपयोगी गोष्टी गळतात, हे चांगलेच, पण पुढे उपयोगाच्या गोष्टीही गळू लागतात. अति चेतलेला चढाईपटू समोरच्या कोपरारक्षकाकडे एकटक पाहत राहतो आणि हात धरून बाजूने येणारी पकडणाऱ्यांची साखळी त्याच्या ध्यानातच येत नाही. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्यानंतरच्या निर्णायक चढाईत हे विशेष घडते. मी अशा वेळी मुलाच्या पायांपेक्षा त्याचा दम ऐकतो. ‘कबड्डी, कबड्डी’चा उच्चार घाईचा झाला आणि स्वर चढला की त्याची उत्तेजना हाताबाहेर जात आहे, असा माझा अनुभव आहे. अशा वेळी ३० सेकंदांचा टाइमआउट घेऊन त्याला केवळ एकच काम सांगावे. सामन्यापूर्वी गोल करून ‘हर हर महादेव’ची आरोळी ठोकण्याची प्रथा मलाही प्रिय आहे, परंतु आधीच रात्रभर न झोपलेल्या मुलाला तिच्यापाठोपाठ आणखी दहा मिनिटे चिथावत राहणे घातक आहे.

आणखी एक भेद लक्षात घ्यावा, कारण मुलीसाठी तोच महत्त्वाचा ठरेल. शरीराची धडधड वेगळी आणि मनातली काळजी वेगळी. काळजी थोडी असेल तर धडधड वाढली तरी कामगिरी हळूहळू उतरते. काळजी खूप असेल तर एका मर्यादेनंतर ती एकदम कोसळते आणि धडधड थोडी कमी झाली म्हणून लगेच सावरत नाही, असे क्रीडा मानसशास्त्रज्ञ हार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे प्रतिपादन आहे. त्यामुळे दोन नेम वाईट गेल्यावर तिसरा लगेच मारणे ही नेमबाजाची मोठी चूक असते. पात्रता फेरीत ६० नेमांसाठी ७५ मिनिटे मिळतात. तेवढ्या वेळात पिस्तूल खाली ठेवून काही मिनिटे मागे बसणे सहज शक्य आहे. श्वास सोडण्याचा काळ घेण्याच्या काळापेक्षा लांबवला की हृदयाची गती प्रत्यक्ष खाली येते, म्हणून विश्रांतीत तिने तेच करावे. नाशिकमध्ये प्रशिक्षण घेतलेल्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक जिंकले. अंतिम फेरीत आपली धडधड वाढली होती आणि आपण श्वासावर लक्ष ठेवले, असे त्यांनीच नंतर सांगितले. तेव्हा धडधड होते म्हणून आपल्या मुलीने स्वतःला दुबळे समजण्याचे कारण नाही.

एकाच खेळातील दोन खेळाडूंनाही एकच पातळी मानवत नाही, हे क्रीडा मानसशास्त्रज्ञ युरी हानिन यांचे संशोधन मला सर्वांत उपयुक्त वाटते. आपल्या मुलीला कोणती पातळी मानवते, हे प्रशिक्षक किंवा पालक अंदाजाने ठरवू शकत नाहीत. प्रत्येक स्पर्धेआधी तिने नाडीचे ठोके, झोप आणि १ ते १० या प्रमाणात स्वतःला वाटणारा ताण वहीत लिहावा आणि संध्याकाळी त्यासमोर गुण मांडावेत. मुलानेही असेच करावे. काही स्पर्धांनंतर दोघांच्या नोंदी वेगळ्या दिसतील. नोंद करताना हवामानही लिहावे, कारण डिसेंबरातल्या नाशिकच्या पहाटे बोटे थंडीनेही कापतात आणि तो कंप भीतीचा समजून मुले उगाच घाबरतात. त्यावर हातमोजे आणि कोमट पाणी पुरते.

मुलाच्या वॉर्म-अपमध्ये केवळ धावणे नको, दोन-तीन खऱ्या पकडी असाव्यात. पहिल्या अंगलगीनंतर त्याची बरीचशी थरथर आपोआप ओसरते. प्रेक्षकांसमोर शरीर सर्वांत पक्क्या सवयीकडे वळते, म्हणून सरावात अजून न मुरलेला डाव त्याने अंतिम सामन्यात काढू नये. मुलीने आठवड्यातून एकदोनदा घरी जिने चढून यावे आणि ठोके वाढलेले असतानाच, पिस्तुलात पेलेट नसल्याची खात्री करून, कोऱ्या भिंतीवर नेम धरत कोरडा सराव करावा. त्या वेळी आपण फक्त ट्रिगर ओढतानाची तिची लय बदलते का, एवढेच पाहावे आणि बदलली तर ते प्रशिक्षकांना सांगावे.