कूलरचा पत्रा फीडबॅकवर आपोआप वाजता ठेवायचा आहे, पण नुसती शिट्टीच येते. काय चुकतंय?

तुम्ही नागपुरात सिंथ वाजवता. जुन्या कूलरचे पत्रे दालनात टांगून, पिझो (कंपनं टिपून त्यांचा विजेचा सिग्नल करणारी चकती) आणि एक्सायटर (पत्र्यालाच हलवून वाजवणारा, पडदा नसलेला स्पीकर) लावून, ते तीन दिवस फीडबॅकवर, म्हणजे पत्र्याचाच आवाज पुन्हा पत्र्यात सोडून, आपोआप वाजते ठेवायचे आहेत. घरी पिझो थेट मिक्सरला जोडून पाहिला, तर कर्कश शिट्टीशिवाय काही आलं नाही, असं तुम्ही लिहिलंय.

शिट्टीचं कारण बहुधा तो थेट जोडलेला पिझोच. २७ मिमी चकतीची कपॅसिटन्स साधारण २० नॅनोफॅरड असते. ती १० किलोओहमच्या लाइन-इनला लावली की ८०० हर्ट्झच्या खालचं सगळं गळून पडतं, आणि पत्र्याची भारदस्त घुमार तर तिथेच असते. मधे टीएल०७२ या चिपचा बफर (पिझोवर भार न टाकता सिग्नल पुढे देणारं सर्किट) घाला आणि इनपुटला १ मेगओहमचा रेझिस्टर लावा. मग ती सीमा ८ हर्ट्झवर येते. पिझोपासून बफरपर्यंत शील्डेड वायर वापरा, तीही वीतभरच. चकतीवर तार जोडायचा सोल्डरचा डाग दोन सेकंदांत उरका, कारण जास्त तापलं की चांदीचा थर तारेसकट निघून येतो.

मात्र सर्किटवर वेळ घालवण्याआधी पत्रा निवडा. वस्तूलाच स्पीकर करायची ही रीत अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी १९६८ पासून वापरली, आणि तिच्यात वाद्य म्हणजे वस्तूच. कबाड्याकडे कूलरची जाळीची बाजू घेऊ नका. कडा मुडपलेल्या आणि गंजून भोकं पडलेल्या पत्र्याचाही सूर लगेच दबतो. मागचा सपाट पत्रा मिळाला तर उत्तम, नाहीतर इतवारीतून २४ किंवा २६ गेजचा, दोन बाय तीन फुटांचा नवा जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पत्रा कापून आणा.

एक्सायटरची जागा रांगोळीने शोधा. पत्रा स्पंजच्या चार तुकड्यांवर आडवा ठेवा, एक्सायटर तात्पुरता चिकटवा, वर चिमूट चिमूट रांगोळी भुरभुरा आणि फोनवरून ६० ते ६०० हर्ट्झ सूर हळूहळू चढवा. एकेका सुरावर रांगोळी थरथरत सरकते आणि रेघांमध्ये गोळा होते. त्या रेघांवर पत्रा स्थिर असतो. तिथे एक्सायटर लावला तर तो सूर उठतच नाही. अगदी मध्यभागही टाळा, तिथून बऱ्याच रेघा जातात. चार-पाच सुरांना रांगोळी जिथून पळून जाते ती जागा धरा. बहुतेक वेळा ती एका कडेपासून तृतीयांशावर सापडते.

दुहेरी टेपवर विसंबू नका. एप्रिल-मेच्या उन्हात ती सुटते आणि एक्सायटर खाली पडतो. चिकटवायच्या जागेवरचं जस्त पॉलिश पेपरने घासा, स्पिरिटने पुसा, दोन भागांचा इपॉक्सी लावून रात्रभर सुकू द्या. पत्रा नायलॉनच्या दोरीवर टांगा. साखळीवर टांगला तर ती स्वतःच खणखणते.

अँप्लिफायर म्हणून १२ व्होल्टवर चालणारं टीपीए३११० चं बोर्ड पुरेसं आहे. त्याच्या आउटपुटची ऋण तार ग्राउंडला किंवा दुसऱ्या चॅनेलला कधीही जोडू नका, बोर्ड जळू शकतं. बफरनंतर १ किलोओहमचा रेझिस्टर आणि पुढे ग्राउंडकडे दोन १एन४१४८ डायोड उलटसुलट लावा, म्हणजे फीडबॅक बेलगाम चढत नाही. ४ ओहम, १० वॉटच्या एक्सायटरवर ३ व्होल्टच्या वर जाऊ देऊ नका. दहा वॉट हा आकडा गाण्यासाठी असतो, अखंड सुराने कॉइल जळते. स्वस्त मीटर ४०० हर्ट्झच्या पुढे चुकतो, म्हणून मोजणी खालच्या सुरावर करा.

पत्रा एकाच सुरावर अडकून बसला तर एक्सायटरच्या दोन तारा अदलाबदल करा, तो वेगळाच सूर पकडतो. मी तर तिथे एक स्विचच बसवायला सांगेन. प्रेक्षकाने तळहात टेकवला तरी सूर उडी मारतो, म्हणून पत्रे हाताच्या उंचीवर असू द्या.

आणि दालनातल्या कूलरची घरघर आधी जाऊन ऐका. मोठा डक्टिंग कूलर चालू असेल तर खालचे सूर बुडतात, तेव्हा पत्रे त्याच्यापासून सर्वांत लांबच्या भिंतीपाशी घ्या. वीज १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरच्या बॅटरीवरून द्या: अर्धा अँपिअर ओढला तर दहा तास निघतात, लाइट गेली तरी खंड पडत नाही आणि अडॅप्टरची गुणगुणही नाही. रात्री ती चार्जिंगला लावा.