खडकवासल्याला निघालेल्या पोराला

अरे बेटा,

काल तू एनडीएत, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, निवड झाल्याचे पेढे घेऊन आलास तेव्हा घरात पाहुणे होते, आणि तुझ्या आईसमोर काही गोष्टी बोलायच्याच नव्हत्या, म्हणून हे लिहितोय. जाताना जिन्यात हळूच विचारलंस ना, "काका, सीनियर लोक खरंच खूप त्रास देतात का हो?" त्याचंच उत्तर समज.

देतात. महूच्या बाजारात रविवारी ते वायओ कोर्सला, म्हणजे नव्या अधिकाऱ्यांच्या कोर्सला, आलेले कडक इस्त्रीतले लेफ्टनंट बघून तुला हे वेड लागलं, भोपाळला 5 दिवसांची एसएसबी, म्हणजे सैन्याची निवड मुलाखत, काढून आलास, सगळं ठीक, पण त्यांच्यातले जे एनडीएतून आले ते आधी 3 वर्षं खडकवासल्याला आणि मग 1 वर्ष डेहराडूनच्या लष्करी अकादमीत घासून निघालेत, आणि त्यातल्या पहिल्या टर्मला ते कोणीही नव्हते. तूही नसशील. सायकल मिळेल, आणि चूक झाली की तीच सायकल तुझ्या खांद्यावर बसेल. रगडा, म्हणजे शिक्षा म्हणून घाम काढणं, हा शब्द तर पहिल्या दिवशीच शिकशील. सिंहगडावर आपण पिठलं-भाकरी खायला जातो, तिथे शिक्षा म्हणून चढायला लागतं, तेव्हा तानाजी वगैरे काही आठवत नाही, फक्त पाणी आठवतं.

मी ज्या अकादमीत होतो तिचं नाव राहू दे. आमच्याकडे पट्टी परेड असायची, म्हणजे पीटीच्या कपड्यात फॉल-इन, म्हणजे रांगेत उभं राहायचं, मग ओरडा की 2 मिनिटांत ड्रिलच्या ड्रेसमध्ये या, मग मुफ्ती, म्हणजे गणवेशाशिवायचे कपडे, मग परत पीटी, असं तासभर. पहिल्यांदा मी एकटा पळत सुटलो, माझं मी आवरायला, आणि दरवेळी शेवटचा आलो, कारण मागचं बक्कल एकट्याला लवकर लागतच नाही. तिसऱ्या दिवशी बाजूच्या केबिनमधल्या सरदार पोराने न विचारता माझा बेल्ट ओढून बसवला, मी त्याच्या लेस बांधल्या, आणि आम्ही दोघं मध्ये कुठेतरी पोचलो. कोर्समेट म्हणजे काय ते मला तिथे कळलं, कुठल्या लेक्चरमध्ये नाही.

ड्रिल टेस्टचं पण सांगतो, कारण तुलाही द्यायचीय, ती पास होईपर्यंत लिबर्टी नाही, म्हणजे रविवारी बाहेर जाणं बंद. मी 3 वेळा फेल झालो. घाबरलो की माझा डावा हात डाव्याच पायाबरोबर पुढे जायचा, ड्रिल शिकवणारे उस्ताद डोक्याला हात लावायचे. सगळे शहरात गेले की मी रिकाम्या कॉरिडॉरमध्ये आरशासमोर तेज चल करायचो. चौथ्या रविवारी तोच सरदार परत आला, पीक कॅप काढली तर आत कागदात गुंडाळलेला चपटा झालेला समोसा. इंदूरच्या सराफ्यात आयुष्यभर खाल्लंय रे, पण तशी चव काही परत आली नाही.

तर माझा हिशोब साधा आहे. जे काही झाल्यावर बाजूचा कोर्समेट तुझ्या जवळ येतो ते सोस, कुरकुर न करता सोस. आणि जे तुला एकटं पाडतं, रात्री दिवे बंद झाल्यावर बंद खोलीत बोलावून, "कोणाला सांगायचं नाही" म्हणून, अंगाला हात लावून, त्याला परंपरा म्हणतात ते खोटं बोलतात. बहुतेक वेळा ते एखाद्या सेकंड टर्मवाल्याचं गेल्या टर्मचं उट्टं असतं, बाकी काही नाही. सरळ डिव्हिजनल ऑफिसरकडे, म्हणजे तुमच्यावर नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, जा. चुगलखोर म्हणतील, म्हणू दे. (आणि सहा महिन्यांनी तूच सेकंड टर्म होशील, तेव्हा हे पत्र परत काढून वाच.) फ्रंट रोलने, म्हणजे कोलांट्यांनी, सैनिक घडतो यावर माझा अजूनही विश्वास नाही, चक्कर येते आणि शर्ट फाटतो, बस.

दुसरं, दुखणं लपवू नकोस, हे मी हात जोडून सांगतोय. नडगीचं हाड एकाच जागी ठणकायला लागलं, बोट लावलं तरी कळ येते, तर ते मुरगळणं नाही, स्ट्रेस फ्रॅक्चर असू शकतं. आमच्या कोर्सचा एक पोरगा रेलिगेशनच्या भीतीने, म्हणजे एक टर्म मागे जाऊ म्हणून, पट्टी बांधून पळत राहिला आणि शेवटी घरीच गेला. एक टर्म म्हणजे 6 महिने, आयुष्य 60 वर्षं. कॅडेट कमिशनच्या, म्हणजे अधिकारी होण्याच्या, आधी जखमी होऊन बाहेर पडला तर त्याला माजी सैनिकाचा दर्जाही मिळायचा नाही, 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने स्वतःहून हा विषय हातात घेतला तेव्हा लोकांना कळलं. म्हणून एमआय रूमला, म्हणजे तिथल्या दवाखान्यात, जायला लाजायचं नाही, हिरोगिरी पुढे करायला खूप वेळ आहे.

खडकवासल्याला हट ऑफ रिमेंब्रन्स आहे, म्हणजे स्मृतिगृह, कॅडेट्सनी श्रमदानाने बांधलेली, आत शहीद झालेल्या माजी कॅडेट्सची नावं. अरुण खेत्रपाल बघ, 1971 ला बसंतरच्या लढाईत गेले, वय 21, परमवीर चक्र. तिथे कोणी ओरडत नाही. कोणी पाठवायची वाट न बघता एकदा जाऊन ये.

आईला फोनवर सगळं सांगू नकोस, पण "मजेत आहे" एवढंच पण नको, तिला लगेच कळतं. जेवणात काय होतं ते सांग, ती खूश होते.

निघायच्या आधी एक संध्याकाळ मोकळी ठेव आणि काळे बूट घेऊन ये. कापूस, पाण्याची वाटी आणि चेरी ब्लॉसमची डबी माझ्याकडे आहे, बुटाचा टो, म्हणजे पुढचं टोक, कसा चमकवायचा ते दाखवतो, पहिला बूट मी करीन, दुसरा तू करायचास.

तुझा,
वरच्या मजल्यावरचा काका