वाचकांचे प्रश्न : जुनी सेडान ठेवावी की विकावी?

प्रश्न : आमच्याकडे 2014 सालची होंडा सिटी आहे, पेट्रोलवर चालणारी आणि मॅन्युअल गियरची. गाडी 62,000 किलोमीटर चालली असून तिने आम्हाला रस्त्यात कधी अडकवलेले नाही. कासारवडवलीहून रोज तीन हात नाक्यापर्यंत जाणे-येणे आणि अधूनमधून कोकणात गावी जाणे, एवढाच तिचा वापर. आता गॅरेजवाल्याने चाकांजवळचे लोअर आर्मचे रबरी बुश, सस्पेन्शनचे लिंक रॉड, इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटचे रबरी पाइप आणि चारही टायर बदलायला सांगितले आहेत. मुलाचे म्हणणे असे की, हा खर्च करण्यापेक्षा उंच एसयूव्ही घ्यावी, म्हणजे पावसाळ्यात पाण्यातूनही जाता येईल. इतक्या कमी चाललेल्या गाडीला एवढे काम खरोखर निघते का?
— एक वाचक, घोडबंदर रस्ता, ठाणे

उत्तर : निघते, आणि गॅरेजवाल्याची यादी मला रास्त वाटते. घोडबंदर रस्त्यावरच्या गाडीचे वय किलोमीटरवरून मोजू नये. ताशी सरासरी 50 किलोमीटर वेगाने 10,000 किलोमीटर जायला इंजिन 200 तास चालते. कापूरबावडी-माजिवड्याच्या कोंडीत तीच सरासरी 15 वर आली, तर तेवढ्याच अंतराला सुमारे 667 तास लागतात. या वाढीव वेळात इंजिन तापते, रेडिएटरचा पंखा फिरत राहतो आणि तेल थकते, पण मीटरवर त्यातले काहीच दिसत नाही. म्हणून इंजिन ऑइल दहा हजार किलोमीटरची वाट न पाहता वर्षातून एकदा बदलावेच, आणि तुमच्यासारख्या वापरात त्याहूनही थोडे आधी बदललेले बरे.

रबराचे तर किलोमीटरशी फारसे देणेघेणेच नसते. ते उष्णतेने आणि वयाने कडक होते. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना बोनेट उघडून रेडिएटरचा वरचा पाइप बोटांनी दाबून पाहा. तो कडक लागत असेल किंवा फुगल्यासारखा मऊ लागत असेल, किंवा क्लिपपाशी वाळलेल्या कूलंटचा पांढुरका थर दिसत असेल, तर तो बदलण्यावाचून गत्यंतर नाही. टायरच्या बाजूवर चार आकडे छापलेले असतात : 2319 असेल तर तो टायर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला आहे. सहा-सात वर्षे झालेल्या टायरची नक्षी शाबूत दिसली, तरी पावसात त्यावर कुटुंबाला बसवून घाट उतरावा असे मी म्हणणार नाही.

यादीत नसलेल्या दोन गोष्टी मात्र मी जोडेन. पहिली ब्रेक ऑइलची. ते हवेतला ओलावा शोषते, त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू उतरतो आणि लांब उतारावर ब्रेक तापले की पेडल खाली बसू शकते. गेल्या दोन-तीन वर्षांत ते बदलले नसेल, तर गावी जाण्यापूर्वी बदला. दुसरी टॅपेटची. या पेट्रोल इंजिनाला टायमिंग बेल्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडवणारा पट्टा) नसून चेन आहे, त्यामुळे बेल्ट बदलण्याचा खर्च वाचतो. टॅपेटमधले, म्हणजे व्हॉल्व्ह आणि तो उघडणारा भाग यांतले, अंतर मात्र तपासून घ्यावे लागते.

एसयूव्हीचा मोह मला समजतो. सिटीचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या तळाची जमिनीपासूनची उंची, 165 मिलिमीटर आहे; उंच गाडीला खड्ड्यात आणि गतिरोधकावर फायदा मिळतो, यात शंका नाही. पण साचलेल्या पाण्यात घालण्याचा परवाना ती उंची देत नाही. हवा घेण्याच्या नळीतून पाणी सिलिंडरमध्ये शिरले, की ते दाबले जात नाही आणि पिस्टनला जोडलेला दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, वाकतो. गाडी कोणतीही असो, ती पाण्यात बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारू नका. टो करून गॅरेजला न्या. घरात गुडघेदुखीचे कोणी असेल आणि सेडानच्या खाली असलेल्या सीटवरून उठताना त्यांना त्रास होत असेल, तर ते उंच गाडी घेण्याचे खरे कारण आहे. तसे नसेल, तर तुमची गाडी ठेवा. पंधरा वर्षांची नोंदणी 2029 मध्ये संपेल. त्यानंतरही गाडी फिटनेस तपासणीत उतरली, तर हरित कर भरून नोंदणीचे पाच वर्षांसाठी नूतनीकरण करता येते.

प्रश्न : सोसायटीतच एक आठ वर्षांची, पण अगदी कमी चाललेली सेडान विकायला आहे. ती डोळे झाकून घ्यावी का?
— एक वाचक, नेरुळ

उत्तर : उभी राहिलेली गाडी अधिक बारकाईने पाहावी. खाडीजवळच्या दमट हवेत ब्रेक डिस्क आणि सायलेन्सर गंजतात, बॅटरी उतरते, उंदीर वायरिंग कुरतडतात. सर्व्हिसच्या पावत्या मागा आणि त्यांवरचे किलोमीटर नव्हे, तर तारखा वाचा. मध्ये दोन-तीन वर्षांची पोकळी असेल, तर सर्व ऑइल, कूलंट, टायर आणि बॅटरी बदलण्याचा खर्च काढून तेवढी रक्कम किमतीतून वजा करायला सांगा. गाडी रॅम्पवर चढवून खालून पाहू देण्यास मालक तयार नसेल, तर व्यवहार तिथेच थांबवा.