दुसऱ्या महायुद्धात अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत रशिया एका बाजूने लढले, मग लगेच शत्रू कसे झाले?

मुळात ती मैत्री नव्हतीच, हिटलर नावाची अडचण समान होती एवढंच. १९१८ मध्ये याच ब्रिटन-अमेरिकेने बोल्शेविकांविरुद्ध (रशियात सत्तेवर आलेल्या कम्युनिस्टांविरुद्ध) तिथे फौजा उतरवल्या होत्या, आणि १९३९ मध्ये सोव्हिएत नेता स्टालिनने हिटलरशी करार केला होता. विश्वास असणार कुठून?

युद्धातही कुरबुरी होत्याच. पश्चिमेकडून दुसरी आघाडी उघडा, असं स्टालिन १९४१ पासून मागत होता. नॉर्मंडीत सैन्य उतरलं जून १९४४ मध्ये. तोवर लाखो रशियन मेले होते. (युद्धअखेर सोव्हिएत बळींचा आकडा सुमारे २ कोटी ७० लाख.)

खरी ठिणगी माझ्या मते पोलंड. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाला झालेल्या तिन्ही नेत्यांच्या बैठकीत स्टालिनने पोलंडमध्ये मुक्त निवडणुकांचं आश्वासन दिलं. पण जर्मन सैन्य दोनदा याच वाटेने रशियात घुसलेलं. तिथे मर्जीबाहेरचं सरकार स्टालिन येऊ देणं शक्यच नव्हतं. १९४७ ची पोलिश निवडणूक उघड उघड फिरवली गेली. अमेरिकेचा अध्यक्ष ट्रुमनला ही वचनभंगाची गोष्ट वाटली, स्टालिनला आपल्या सीमेला कुंपण घालण्याची.

त्यात अणुबॉम्ब. जुलै १९४५ मध्ये पॉट्सडॅमच्या बैठकीत ट्रुमनने स्टालिनला 'नवं विध्वंसक अस्त्र' एवढंच सांगितलं. हेरांमुळे स्टालिनला ते आधीच ठाऊक होतं!

पुढे सगळं भराभर झालं. मार्च १९४७ मध्ये ट्रुमनने ग्रीस आणि तुर्कस्तानसाठी ४० कोटी डॉलर मागितले, जूनमध्ये मार्शल योजना (युरोपच्या उभारणीसाठी अमेरिकी मदत) आली, आणि स्टालिनने पूर्व युरोपला तिच्यापासून दूर ठेवलं. जून १९४८ मध्ये त्याने पश्चिम बर्लिनचे (सोव्हिएत ताब्यातल्या प्रदेशाने वेढलेल्या, पण पाश्चात्त्यांकडे असलेल्या भागाचे) रस्ते-रेल्वे रोखले, तेव्हा कालच्या दोस्तांनी विमानांनी कोळसा आणि पीठ पोचवलं, जवळपास वर्षभर.