हडसन्स बे ब्लँकेटच्या कडेच्या चार काळ्या रेघा कशाच्या? आणि ते धुवायचं कसं?

कॅनडातल्या विनिपेगमधल्या घरमालकिणीनं तुम्हाला थंडीसाठी पांढरं ब्लँकेट दिलंय, टोकांना हिरवा, लाल, पिवळा, निळा पट्टा आणि कडेला चार काळ्या रेघा. पूर्वी ते बीव्हरच्या चार कातड्यांना मिळायचं, म्हणून चार रेघा, असं कुणीतरी सांगितलं. मी इथे आलो तेव्हा मलाही हेच सांगितलं होतं. पण ते खरं नाही. रेघा किमतीच्या नाहीत, मापाच्या आहेत.

लोकरीचं कापड विणून झालं की भिजवून मळतात, ठोकतात. त्यात ते भरपूर आटतं आणि इतकं घट्ट होतं की वारा आत शिरत नाही. मग आटून शेवटी केवढं राहिलं, हे थप्पीतलं एकेक उलगडून कोण बघणार? म्हणून कडेला रेघा. त्यांना ‘पॉइंट’ म्हणतात. युक्ती मूळची अठराव्या शतकातल्या फ्रेंच विणकरांची. कातड्यांचा व्यापार करणाऱ्या हडसन्स बे कंपनीनं ती १७७९-८० च्या सुमारास घेतली. पूर्ण रेघ साधारण चार-पाच इंचांची, अर्धा पॉइंट असेल तर निम्मी. अलीकडच्या मापात साडेतीन म्हणजे सिंगल बेड, चार डबल, सहा क्वीन, आठ किंग. तुमचं ७२ बाय ९० इंचांच्या आसपास भरेल, मोजून बघा. मोठ्या ब्लँकेटला कातडी जास्त पडायची, त्यातूनच हा घोटाळा झाला असावा.

देवीच्या साथीची गोष्टही तुमच्या कानावर येईल. १७६३ मध्ये फोर्ट पिटच्या ब्रिटिश शिबंदीनं देवीच्या रुग्णांची ब्लँकेटं मूलनिवासींच्या दूतांना दिली, हे नोंदलेलं आहे. ती या कंपनीची नव्हती. पण कातड्यांच्या व्यापाराच्या वाटेनंही रोग पसरले आणि वस्त्याच्या वस्त्या उठल्या. त्यामुळे एखाद्या मूलनिवासी शेजाऱ्याला हे पट्टे बघवत नसतील, तर वाद घालू नका. तुमच्याच शहरातली पोर्टेज अव्हेन्यूवरची या कंपनीच्या दुकानाची १९२६ ची भव्य इमारत २०२२ मध्ये सदर्न चीफ्स ऑर्गनायझेशन या मूलनिवासींच्या संघटनेकडे गेली, याचं मला फार समाधान आहे.

आता धुण्याचं. मशीनमध्ये अजिबात टाकू नका. मी एकदा कोमट पाण्यात टाकलं. बाहेर आला तो जाड नमदा, पट्टे वेडेवाकडे, पाळण्यापुरता तुकडा उरलेला. गरम पाणी आणि घुसळण म्हणजे कारखान्यातलं आटवणं पुन्हा एकदा. ते परत उलगडत नाही, मला आजही त्याची हळहळ वाटते. डाग पडला तर गार पाण्याच्या फडक्यानं टिपा, चोळू नका. फारच मळलं तर ड्रायक्लीन. एरवी कोरड्या दिवशी बाल्कनीत टाकून झटकलं की पुरतं. खरी भीती कसरीची. उन्हाळ्यात ठेवताना स्वच्छ करून, सुती चादरीत गुंडाळून ठेवा आणि घड्यांच्या आत अधूनमधून बघा.

कोपऱ्यातलं लेबल उसवू नका, त्यावरून ब्लँकेट कुठल्या काळातलं ते ठरवता येतं. त्यावर ‘मेड इन इंग्लंड’ दिसलं तर नकली समजू नका. ही आधी ऑक्सफर्डशायरमधल्या विटनीत विणली जात, नंतर यॉर्कशायरमध्ये. १ जून २०२५ ला कंपनीची दुकानं कायमची बंद झाली. तेव्हा घर सोडताना ते घरमालकिणीला आठवणीनं परत द्या.