मणका म्हटल्यावर काय दिसतं?

"मॅडम, मणक्यात गॅप आलीय. आता जन्मभर जपूनच राहायचं ना?"

हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की समोरच्याचा हात मानेकडे गेला, की पुढचं वाक्य मला आधीच ऐकू येतं. बँकेतले, आयटीतले, रिक्षा चालवणारे, नुकतीच बाळंतीण झालेली मुलगी. मी समुपदेशक. खरं तर पाठ-मान दुखते म्हणून माझ्याकडे कुणी येत नाही. झोप लागत नाही, घरात चिडचिड होते म्हणून येतात आणि बोलता बोलता पाठ निघते.

आधी त्या गॅपचं बघू. दोन मणक्यांच्या मध्ये मऊ चकती असते. वय वाढतं तसं तिच्यातलं पाणी कमी होतं आणि ती पातळ होते. म्हणजे एक्स-रेमध्ये दिसतं ते मणक्यांमधलं अंतर कमी झालेलं असतं. आपण मात्र गॅप 'आली' म्हणतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं, आत फट पडली, आता मणका निखळणार.

डोंबिवलीच्या एका ताईंची गोष्ट सांगते. तपशील थोडे बदललेत. वय ४३, घरीच ब्लाउज शिवतात, फॉल-पिको करतात. लग्नसराईत रात्री जागून ऑर्डरी पुऱ्या केल्या आणि एका सकाळी मान धरली. डॉक्टरांनी नीट तपासलं. हाताला मुंग्या नाहीत, ताकद उत्तम. एक्स-रे बघून म्हणाले, "वयाप्रमाणे थोडी झीज आहे, घाबरू नका." पाच दिवसांच्या गोळ्या आणि मानेचे व्यायाम दिले.

ताई घाबरल्याच. पट्टा स्वतःच विकत आणला. उशी काढून टाकली. मशीनवर चादर घातली. बादली नवऱ्याने उचलायची, भाजीची पिशवी मुलाने. आठ महिन्यांनी माझ्याकडे आल्या त्या झोप येत नाही म्हणून. हाक मारली तर सगळं अंग वळवून बघायच्या, डोक्यावर भरलेला हंडा असल्यासारखं. (हंडे वाहणाऱ्या बायका याहून मोकळ्या चालतात.)

पहिल्याच भेटीत माझं चुकलं. मी विचारलं, "घरात काही ताण आहे का?"

त्यांनी पर्स मांडीवर ओढली. "म्हणजे मी सोंग करते असं म्हणायचंय का, मॅडम?"

आमच्या व्यवसायातली ही जुनी खोड आहे. तपासणीत काही निघालं नाही, की दुखणं उचलून मनाच्या खात्यावर टाकायचं. पुढच्या वेळी मी आधी एवढंच म्हणाले, "तुमची मान खरोखर दुखते. त्याबद्दल मला शंका नाही." त्यांनी पर्स बाजूला ठेवली.

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या वाटेने शिकलेली. घटनेपेक्षा तिच्याबद्दलचा आपला समज जास्त छळतो, आणि तो समज पुरावा मागून तपासता येतो, यावर माझा विश्वास आहे. म्हणून मी पुरावा काढला. मानेची काही तक्रार नसलेल्या १२११ लोकांचे जपानमध्ये एमआरआय काढले होते. २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ८७.६ टक्के लोकांच्या चकत्या फुगलेल्या होत्या. विशीतल्या मुलामुलींमध्येही बहुतेकांच्या. चकतीतला बदल आणि दुखणं यांची जोडी आपण समजतो तितकी पक्की नाही, हे मी मोठ्या उत्साहाने समजावलं.

ताईंनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "ते जपानचे लोक हो."

मी हसले, पण मनातून खट्टू झाले. आकडा बरोबर होता, पण त्यांची भीती आकड्यातून आलेलीच नव्हती.

चौथ्या भेटीत त्या पुन्हा मणका, मणका म्हणू लागल्या. मी मध्येच विचारलं, "मणका म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं?"

बराच वेळ काही नाही. मग म्हणाल्या, "आमच्या पडवीतली खाट."

चिपळूणकडचं गाव. त्या दहा वर्षांच्या असताना वडिलांची पाठ दुखू लागली. महिनोन्महिने तेल चोळलं, लेप लावले. रोज संध्याकाळी कणकण, अंगावरचं मांस उतरत गेलेलं. शेवटी मुंबईला नेलं तेव्हा निदान झालं, मणक्याचा टीबी. तोवर पायातली ताकद गेली होती. त्यानंतरची दोन वर्षं वडील त्या खाटेवर होते. "घरात सगळे हळू आवाजात बोलायचे. मणक्याला लागलंय, म्हणायचे. तो शब्द मी पहिल्यांदा तिथे ऐकला."

आणि तेहतीस वर्षांनी डॉक्टर म्हणाले, मणक्याची झीज. ताईंना 'झीज' ऐकूच आली नाही.

बालपण उकरत बसण्याच्या मी बाजूची नाही. तरीही कबूल करते, त्या दिवशी माझ्या सगळ्या युक्तिवादापेक्षा तो एक साधा प्रश्न उपयोगी पडला. नंतर तो मी कित्येकांना विचारला. कुणाला मणका म्हटल्यावर निवडुंगाच्या कांडासारखं मोडणारं काहीतरी दिसतं, कुणाला रांगेत उभा केलेला पत्त्यांचा डाव. अशी चित्रं बाळगून माणूस निर्धास्तपणे वाकणार कसा? तो दिवसभर स्नायू आवळून धरतो. आवळलेले स्नायू थकून दुखतात आणि त्या दुखण्याने भीती खरी ठरल्यासारखी वाटते.

मी त्यांना परत डॉक्टरांकडे पाठवलं, एकच प्रश्न घेऊन. "मला वडिलांसारखा टीबी नाही ना?" आठ महिन्यांत हा प्रश्न त्यांनी कुणालाच विचारला नव्हता, नवऱ्यालासुद्धा. डॉक्टरांनी पुन्हा तपासलं आणि दोन्ही दुखण्यांतला फरक दहा मिनिटं समजावला. त्या रात्री ताई उशी घेऊन झोपल्या.

दुखणं एका रात्रीत थांबलं असं मात्र नाही. आठ महिने न वळलेली मान कुरकुरणारच. ताईंची आणखी एक सवय होती, बऱ्या दिवशी सगळं उरकून घ्यायची. पट्टा काढल्यावर उत्साहाने सलग चार ब्लाउज शिवले आणि तीन दिवस आडव्या. मग आम्ही ठरवलं, उठायचं ते घड्याळ बघून. दुखेपर्यंत बसायचं नाही, आणि दुखत नाही म्हणून बसूनही राहायचं नाही. मोबाइलवर वीस मिनिटांचा गजर. वाजला की मशीन सोडायचं, खांदे फिरवायचे, पाणी पिऊन यायचं. पहिल्या आठवड्यात दिवसाला तीनच बैठका, मग चार. हातशिलाई मांडीवर घेऊन मान खाली घालण्याऐवजी मांडीवर उशी, उशीवर काम. डॉक्टरांनी दिलेले व्यायाम होतेच, फक्त आता त्या ते श्वास रोखून करत नव्हत्या.

बसायची एकमेव बरोबर पद्धत कोणती, असं मला फार विचारतात. ताठ बसून तीन तास काढले तरी पाठ दुखतेच. अधूनमधून बसणं बदलणं जास्त महत्त्वाचं. पाठीत उसण भरली तर एखाद-दुसरा दिवस दमाने घ्या, गरम पाण्याच्या पिशवीने शेका, पण अंथरूण धरू नका. हेलसिंकीतल्या नगरपालिका कर्मचाऱ्यांवर झालेला एक अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नव्याने कंबर धरलेल्यांपैकी काहींना दोन दिवस झोपून राहायला सांगितलं, काहींना व्यायाम दिले आणि काहींना जमेल तसं रोजचं काम करायला सांगितलं. रोजचं काम करणारे सगळ्यांत लवकर सावरले.

पण काही दुखणी थांबायला वेळ देत नाहीत. लघवी-शौचावरचा ताबा जाणं, जांघेत बधिरपणा, हातापायातली ताकद कमी होत जाणं, अशा वेळी त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. पडल्या-आपटल्यानंतरचं दुखणं, ताप, वजन उतरणं, रात्री पडून राहिल्यावरही न थांबणारी कळ किंवा पूर्वी झालेला कर्करोग असेल, तर माझ्यासारखीकडे नाही, आधी डॉक्टरांकडे. ताईंच्या वडिलांच्या वेळी ही लक्षणं कुणी ओळखली असती तर कदाचित त्यांचे पाय वाचले असते. ही गोष्ट ताईंनीच मला म्हटली, शेवटच्या भेटीत, रडल्या आणि मग पर्समधून रुमाल काढताना सहज मान वाकवून आत बघितलं. मी काही बोलले नाही.

दिवाळीच्या आधी त्यांचा फोन आला. "मॅडम, मान धरलीय परत."

मी विचारलं, "मग?"

"मग काय, शेकतेय. एका शालूला फॉल लावायचा राहिलाय, अर्ध्या तासाने बसते. ठेवू का?"